गाठाळ फाटी सुऱ्याने फोडताना

आमच्या कोकणातल्या घरी अंघोळीचं पाणी अजून तांब्याच्या बंबात तापतं. बंबाच्या पोटात मधोमध उभं नळकांडं असतं. फाटी वरून टाकायची, राख खालच्या जाळीतून पडते. त्या नळकांड्यात मनगटाएवढं लाकूड जेमतेम उतरतं, म्हणून मे महिन्यात कुऱ्हाडीने फोडून पडवीत रचलेली फाटी बंबासाठी पुन्हा बारीक करावीच लागतात. सरळ लाकूड असलं की हे काम चहा उकळेपर्यंत उरकतं. पण रचलेल्या ढिगातून प्रत्येक जण सरळ फाटी आधी ओढतो, आणि ऐन श्रावणात, बाहेर पाऊस लागलेला असताना, तळाला उरतात ती काजूची, आंब्याची, ऐनाची गाठाळ खोडकी. ती नळकांड्यात जात नाहीत आणि कुऱ्हाडीलाही दाद देत नाहीत.

अशा लाकडासाठी मी गेली काही वर्षं जाड पाठीचा मोठा सुरा आणि लाकडी दांडका वापरतो. सुऱ्याची धार लाकडाच्या डोक्यावर टेकवायची आणि दांडक्याने सुऱ्याच्या पाठीवर ठोकायचं. इथे सुरा कापत नाही, पाचरीचं काम करतो. कुऱ्हाड हवेतून येते, चांगल्या हातातूनही बोट-दोन बोटं इकडेतिकडे पडते. सरळ लाकडाला तेवढ्याने फरक पडत नाही. गाठाळ लाकडात मात्र चीर नेमक्या कुठल्या रेषेवर सुरू होते यावरच सगळं ठरतं, आणि सुरा त्या रेषेवर हव्या त्या कोनात ठेवता येतो. गाठ जोराने फुटत नाही, रेषेने फुटते. पुढचं सगळं ती रेष शोधण्याबद्दल आहे.

मर्यादा आधीच सांगून टाकतो. माझ्या सुऱ्याचं पातं साडेआठ इंचाचं, म्हणजे 21-22 सेंटीमीटरचं आहे. त्याने 12 ते 15 सेंटीमीटर जाडीचं, फूटभर लांबीचं लाकूड फुटतं. त्याहून जाड ओंडक्याला कुऱ्हाड, नाहीतर घण आणि लोखंडी पाचर. उगाच सुऱ्याची परीक्षा बघू नये.

हत्यार

पातं आणि मुठीतला भाग एकाच सलग पोलादाचा हवा. मुठीच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या रिव्हेटने ठोकलेल्या आणि मधे पोलादाची कड शेवटपर्यंत दिसतेय, असा सुरा बघून घ्या. माझा पहिला सुरा दिसायला झकास होता, पण आतलं पोलाद मुठीत दोन इंचच शिरलेलं. तिसऱ्या दिवशी एका काजूच्या गाठीवर पातं लाकडात राहिलं आणि मूठ माझ्या हातात. खुकरीचंही थोडं असंच आहे. पारंपरिक खुकरीचं शेपूट मुठीत लाखेने बसवलेलं असतं. हात फिरवून तोडायला ती उत्तम, पण पाठीवर ठोके खाऊन लाख सैल होते.

पाठीची जाडी 5 मिलीमीटरच्या आसपास असावी. पातळ पातं चिरेत शिरतं खरं, पण लाकूड उघडत नाही, कारण पाचरीला जाडी लागते. उलट 7-8 मिलीमीटरचं पातं पहिल्या ठोक्याला आतच जात नाही. घडीचा चाकू या कामाला चुकूनही घेऊ नका.

आणि आपला कोयता? चालतो, पण आकडीवाला नको. पुढे वाकलेल्या कोयत्याची पाठ बाहेरून गोलाकार असते, तिच्यावर दांडका घसरतो. सरळ पात्याचा, नारळ सोलायला वापरतात तसला कोयता असेल तर सुऱ्याची गरजच नाही. माझा आताचा सुरा गावातल्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेला आहे. घडवून घेताना एवढंच सांगावं, की पाणी (म्हणजे तापलेलं पोलाद बुडवून कडक करणं) धारेपुरतं द्या, पाठ मऊ राहू दे. सगळ्या पात्याला कडक पाणी दिलं तर ते ठोक्याने मधूनच तडकू शकतं.

लांबीबद्दल एक कायद्याची गोष्ट. शस्त्र अधिनियम, 1959 आणि त्याखालच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं वेगळ्या वर्गात मोडतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. अंगणात कुणी विचारणार नाही. पण पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्यांनंतर एसटीत पिशवीतून पातं डोकावत नेणं म्हणजे आपणहून चौकशी ओढवून घेणं आहे. म्यान घाला, गोणपाटात गुंडाळा, सामानाच्या तळाशी ठेवा. आणि ट्रेकला जाणाऱ्यांनी हे वाचून राखीव जंगलात फाटी फोडायला बसू नये. तिथे लाकूड तोडणं आणि आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम, 1927 खाली गुन्हा आहे.

दांडका हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब आणि मनगटापेक्षा थोडा जाड असावा. ओल्या लाकडाचा असला तर बरा, वजन येतं आणि लगेच झिजत नाही. धरायच्या जागी साल काढून बारीक करून घ्या. लोखंडी हातोडी अजिबात नको. ती पाठीला खाचा पाडते आणि पोलादाचे कण उडवते. दांडका महिन्याभरात चावल्यासारखा होतो, मग तोही बंबात जातो.

तीन पाचरी आधीच करून ठेवा. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, सुक्या कठीण लाकडाच्या. आमच्याकडे खैराचा तुकडा मिळाला तर त्याच्या करतो, बाभूळही छान. टोक फार निमुळतं केलं तर ते चिरेत चेंबतं, म्हणून टोकाची शेवटची नखभर धार कापून बोथट करायची.

खाली ठोकळा हवाच. दगडावर किंवा फरशीवर फोडलंत तर शेवटच्या ठोक्याला धार सरळ दगडावर. ठोकळा गुडघ्याच्या थोडा खाली येईल असा, बसका आणि जड. त्यासाठी सगळ्यात चांगलं लाकूड म्हणजे जे तुमच्याच्याने फुटलं नाही ते. आमचा ठोकळा आंब्याच्या दुबेळक्याचा, म्हणजे दोन फांद्या फुटलेल्या बेचक्याचा आहे, मी आणि माझ्या चुलत्यांनी मिळून दोन उन्हाळे त्याच्याशी झटापट केली होती.

गाठ वाचायची कशी

गाठ म्हणजे खोडात गाडला गेलेला फांदीचा बुंधा. खोड दर वर्षी बाहेरून जाड होत जातं आणि फांदीलाही सोबत जाड करत जातं, त्यामुळे आत बघितलं तर गाठ शंकूसारखी असते. शंकूचं टोक खोडाच्या गाभ्याला टेकलेलं, तोंड सालीकडे. खोडाचे तंतू उभे धावतात, फांदीपाशी आले की नदीचं पाणी खडकाला वळसा घालतं तसे दोन्ही बाजूंनी वळतात. फांदीचे स्वतःचे तंतू तिच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, थोडे वर तिरके.

आता चीर कुठून न्यायची? नवा माणूस गाठीला टाळतो, तिच्या शेजारून घाव घालतो. तिथेच वळसा घेतलेले तंतू असतात. चीर वळत जाते, गाठीच्या कडेला आपटते आणि थांबते. किंवा तो गाठीला आडवा घाव घालतो, म्हणजे फांदीचे सगळे तंतू तोडायचे. दोन्हींत हात भरून येतात.

आमच्याकडे नारळ काढायला येणारे आप्पा माझी ही कसरत एकदा पायरीवर बसून बघत होते. म्हणाले, "आरं, गाठ म्हंजे फांदीच ना? फांदी जिकडं गेली तिकडंच जा की." एवढंच बोलले आणि तंबाखू मळायला लागले. मला कळायला आणखी आठवडा गेला. चीर अशा पातळीत न्यायची की तिच्यात खोडाचा गाभाही आहे आणि फांदीचा मध्यही. त्या पातळीत खोडाचे तंतूही चिरेला समांतर आणि फांदीचेही. काहीच तोडावं लागत नाही, गाठ मधोमध उभी दुभंगते आणि दोन्ही अर्ध्यांत शंकूचा अर्धा अर्धा भाग दिसतो, उकडलेलं अंडं उभं कापल्यासारखा.

प्रत्यक्षात असं करा. लाकूड उभं ठेवण्याआधी हातात फिरवा. गाठीचं तोंड कुठे आहे ते साल बघून कळतं, साल नसली तर फुगवटा लागतो. त्या तोंडाच्या मध्यावरून एक रेघ सरळ लाकडाच्या लांबीने डोक्यापर्यंत कोळशाने ओढा. मग डोक्यावर, म्हणजे कापलेल्या तोंडावर, ती रेघ गाभ्यातून पलीकडे न्या. गाभा मध्यभागी नसतो बरं का, वलयं बघून शोधा. ही झाली सुरा ठेवायची रेष. सुकताना पडलेल्या भेगाही गाभ्यातूनच बाहेर जातात. एखादी भेग तुमच्या रेषेवरच असेल तर निम्मं काम झालंच.

पुढचा प्रश्न, कुठलं डोकं वर. फांदी नेहमी शेंड्याकडे झुकलेली असते, म्हणून गाठीचा कल बघून बुंध्याकडचं टोक ओळखता येतं. शेंडा खाली, बुंध्याकडचं टोक वर, असं लाकूड उलटं उभं करायचं. बुंध्याकडून येणारे तंतू सलग फांदीत शिरतात, त्यामुळे त्या बाजूने येणारी चीर वाहत्या पाण्यासारखी जाते. शेंड्याकडून आलात तर फांदीच्या काखेत पोचता, आणि तिथे तंतूंची वीण घट्ट असते.

गाठ शक्यतो खालच्या अर्ध्यात यावी. चीर तिच्यापर्यंत पोचेतो वरचे दोन्ही भाग सुटलेले असतात आणि तेच तरफेसारखे गाठ ओढतात. गाठ बुंध्याकडच्याच टोकाला असेल तर हे दोन नियम एकमेकांच्या आड येतात. मी तेव्हा करवत काढतो आणि गाठीचा तेवढा वीतभर तुकडा आडवा कापून वेगळा करतो. मोठ्या लाकडाचे तुकडे पाडतानाच गाठ मधे न येता शेंड्याकडच्या टोकाला येईल असं कापलं, तर पुढची अर्धी डोकेदुखी वाचते.

मेलेली गाठ वेगळी. फांदी आधी वाळली आणि खोडाने तिला नंतर गिळलं, तर भोवती काळी सालीची कडी दिसते. तंतू जोडलेलेच नसतात. ती गाठ कधी कधी बुचासारखी निघून येते, तिला घाबरू नका. खरी चिवट ती जिवंत गाठ, जिच्या भोवती रंगात फरकच दिसत नाही.

ठोके

गुडघे टेकून बसा, ठोकळा समोर हातभर अंतरावर. मांड्यांच्या मधे ठोकळा घेऊन बसायची सवय असेल तर ती मोडा, कारण सुटलेलं पातं थेट मांडीच्या आतल्या बाजूला येतं. चष्मा नसेल तर साधा गॉगल लावा, काजूच्या ढलप्या डोळ्याच्या उंचीला उडतात.

लाकूड कुणालाही धरायला लावू नका. पहिल्या वर्षी मी पुतण्याला, "जरा धर रे," म्हटलं. दांडका टोकावरून घसरला आणि त्याच्या बोटांवर बसला. त्याचं काळं पडलेलं नख दिवाळीपर्यंत घरात सगळे मला दाखवत होते. लाकूड उभं राहत नसेल तर तळ करवतीने सपाट करा. सायकलच्या जुन्या ट्यूबचं कडं कापून लाकडाच्या कमरेला घातलं तर फुटलेले तुकडेही जागच्या जागी राहतात.

धार रेषेवर ठेवा. मूठ तुमच्याकडे, आणि पात्याचं टोक पलीकडे किमान तीन-चार बोटं बाहेर डोकावलं पाहिजे. हे टोक म्हणजेच पुढे ठोकायची जागा. पहिले दोन-तीन ठोके हलके, बरोबर लाकडाच्या मध्यावर, फक्त धार बसवण्यापुरते. मग थांबून बघा. पातं आडवं, समतल आहे ना, रेषेवरच आहे ना? नसेल तर आताच काढून पुन्हा लावा, नंतर ते जमत नाही.

मग जोर वाढवा. पाठ लाकडाच्या डोक्याशी समपातळीत आली की मध्यावर ठोकायला जागा उरत नाही, तेव्हा बाहेर आलेल्या टोकावर ठोका. टोकावर ठोकलं की टोक खाली जातं आणि मूठ वर उचलली जाते, म्हणून मूठ धरलेल्या हाताने ती तेवढीच खाली दाबून ठेवायची. सगळं कसब या दाबण्यात आहे. जोर दांडक्याच्या हातात नाही, मुठीच्या हातात आहे. मूठ मात्र आवळून धरू नका, नाहीतर प्रत्येक ठोका कोपरात जातो. मुठीवर किंवा मुठीजवळ कधीच ठोकायचं नाही.

कान उघडे ठेवा. चीर पडत नसते तेव्हा ठोका "ठक" असा कोरडा, आखूड येतो. चीर धावायला लागली की आवाज पोकळ होतो, मागोमाग चर्र ऐकू येतं. ते ऐकलं की जोर वाढवायचा नाही, तोच ताल ठेवायचा. दहा ठोके सलग "ठक"च आले आणि पातं हललं नाही, तर थांबा. रेष चुकली आहे.

सुरा अडकला तर

अडकणारच. पहिली ऊर्मी होते मूठ डावी-उजवीकडे पिळायची. तसं केलं की पातं वाकतं, धारेतून चंद्रकोर निघते. पाठीवर उलटे ठोके मारूनही काही होत नाही.

पात्याने पाडलेल्या चिरेत, मुठीच्या बाजूला किंवा लाकडाच्या कडेला जिथे भेग दिसते तिथे एक पाचर लावा आणि दांडक्याने ठोका. चीर केसभर उघडते, सुरा हाताने वर निघतो. आता सुरा बाजूला ठेवा आणि पाचरीनेच पुढे जा. पहिली आत गेली की दुसरी तिच्या पलीकडे, बाहेरच्या कडेवरून खाली गाठीच्या रोखाने. गाठीच्या वर दोन पाचरी ताणून बसल्या की बरेचदा काही न करताच लाकूड मिनिटभरात कडकड करत सुटतं. चिरेत बोट घालून "किती उघडलीये" बघायचं नाही. पाचर उपटणाऱ्या माकडाचं काय झालं ते आपण लहानपणीच ऐकलेलं आहे.

पाचर नसेल तर सुऱ्यासकट लाकूड उलटं करून डोकं ठोकळ्यावर आपटू नका, हे मुद्दाम सांगतो, कारण सगळे तेच करतात. सुऱ्याचं टोक ठोकळ्यात रुततं आणि मूठ हातातून उसळते. त्याऐवजी दुसऱ्या टोकाकडून, त्याच रेषेवर कुऱ्हाडीच्या पात्याने चीर पाडा.

काही हट्टी प्रकार

बेचकं: दोन फांद्या फुटतात ते टोक खाली, दोन पायांवर उभं करायचं. चीर दोन्ही फांद्यांच्या मध्यांतून जाईल अशी न्यायची, म्हणजे फुटल्यावर दोन्ही तुकडे पुन्हा इंग्रजी वायच्याच आकाराचे, फक्त पातळ. दोन फांद्या एकमेकींपासून वेगळ्या करायला गेलात तर काखेतली वीण तोडावी लागेल. सुरा दोन्ही फांद्यांवर पुरत नसेल तर ते बेचकं सुऱ्याचं नव्हेच.

समोरासमोर दोन गाठी असल्या तर आनंदच, एकाच रेषेत दोन्ही फुटतात. काटकोनात दोन असल्या तर आधी मोठी फोडा. लहान गाठ एका अर्ध्यात आख्खी येते, मग तो अर्धा स्वतंत्र लाकूड समजून पुन्हा रेघ ओढा.

पिळाचं लाकूड, निलगिरीचं विशेषतः, गाठ नसतानाही छळतं. थरागणिक तंतूंची दिशा बदलते, मधून चीर जातच नाही. तिथे मी मध्याला हात लावत नाही. कडेकडेने बोटभर जाडीच्या ढलप्या काढत जातो, भाकरीचा पापुद्रा सोडवावा तसं. मधला गोळा उरतो तो उरतो. हीच युक्ती तीन-चार गाठींच्या खोडक्यालाही लागू पडते.

बाभूळ ओली असतानाच फोडा. वाळल्यावर ती लोखंड होते. आंबा मात्र थोडा सुकून डोक्यावर भेगा पडल्यावर सोपा जातो. आमच्या काकूंचं मत विचाराल तर, "तू आधी बंबात जाईल एवढं बारीक कर, मग बाभूळ का आंबा ते सांग." मागच्या पावसात मी अभिमानाने मांडून ठेवलेले गाठींचे अर्धे त्यांनी एकेक करून नळकांड्याच्या तोंडावर लावून दाखवले, पाच गेले, नऊ परत आले. त्या परत आलेल्या गाठी चुलीत टाकायच्या. त्या दाट असतात, सावकाश जळतात, रात्री राखेखाली झाकलेल्या गाठीचा निखारा सकाळी चूल फुंकायला उरतो.

काम झाल्यावर

पातं लगेच पुसा. बाभूळ आणि ऐनाच्या रसाने साध्या पोलादावर निळे-काळे डाग पडतात, त्यातलं टॅनिन लोखंडाला धरतं. डाग राहिले तरी चालेल, ओल राहिली तर गंज चढतो. कोरडं फडकं, मग शिवणयंत्राच्या तेलाचा हात.

धार नखावर तपासा. नखाच्या कडेवरून पातं हलक्या हाताने सरकवलं की मुडपलेली जागा अडखळते. गाठीवर आपटलेली धार बहुधा तुटत नाही, एका अंगाला मुडपते. ती कुरुंदाच्या दगडावर प्रत्येक अंगाने साधारण 25 अंशांचा कोन धरून सरळ करायची. या सुऱ्याला वस्तऱ्यासारखी धार लावू नका, पुढच्याच गाठीला ती लहर खाते. पाठीवर दांडक्याच्या ठोक्यांनी कुठे बारीक कंगोरा आला असेल तर तोही कानशीने घासून टाका. फडक्याने पुसताना तो तळहातात शिरतो आणि दोन दिवस सापडत नाही.